ऑपरेशन सांगितले आहे? सहीपूर्वी हे विचारा

दिवाळी आटोपली, हलके धान निघाले आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की आमच्या सौंदडच्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारच्या रुग्णांची संख्या वाढते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे रिपोर्ट आणि तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. "साकोलीला दाखवले, नागपूरलाही दाखवले. ऑपरेशन सांगितले आहे. धानाचे चुकारे आले की करून टाकावे म्हणतो. तुम्ही काय म्हणता?" असा त्यांचा प्रश्न असतो.

मी एमबीबीएस डॉक्टर आहे, ऑपरेशन करीत नाही. त्यामुळे तुम्ही ऑपरेशन केले काय आणि न केले काय, माझ्या खिशाला त्याने फरक पडत नाही. गेली पंचवीस-सत्तावीस वर्षे ऑपरेशनला जाणारे आणि ऑपरेशन करून परत आलेले असे दोन्ही प्रकारचे रुग्ण मी पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की शस्त्रक्रियेत जेवढे महत्त्व चाकूला, तेवढेच सहीपूर्वी विचारलेल्या प्रश्नांना आहे.

खासगी रुग्णालयात जाऊ नका, असे मी सांगणार नाही. आपल्या भागात अनेक खासगी सर्जन उत्तम काम करतात आणि कित्येकांचे प्राण त्यांनी वाचविले आहेत. पण खासगी उपचार म्हणजे पैसा देऊन घेतलेली सेवा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) असे आढळले की बाळंतपण वगळता, एकदा रुग्णालयात भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये होता. म्हणजे सातपट. ही संपूर्ण देशाची सरासरी आहे. दोन-अडीच एकर धानाच्या शेतकऱ्यासाठी सातपट म्हणजे काय, हे वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. बैलजोडी घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, चार जणांना विचारतो. मग स्वतःच्या शरीरावर चाकू चालणार असताना गप्प का बसावे?

पहिला प्रश्न : घाई किती?

ऑपरेशन सांगितल्यावर सर्वप्रथम विचारावे, "डॉक्टरसाहेब, हे आज करायचे आहे, या महिन्यात करायचे आहे, की सवडीने करता येईल?" शस्त्रक्रियांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग तातडीच्या शस्त्रक्रियांचा. पोटात असह्य कळ येऊन पोट दगडासारखे कडक होणे, अंतर्गळ म्हणजे हर्निया बाहेर येऊन अडकणे व सोबत उलट्या होणे, पाळी चुकलेल्या स्त्रीला पोटात तीव्र दुखून चक्कर येणे, बाळंतपणात बाळाचे ठोके मंदावणे, अपघातात आतून रक्तस्राव होणे, लहान मुलाच्या किंवा तरुणाच्या अंडकोशात अचानक तीव्र वेदना होणे, या सर्व प्रसंगी तासातासाला महत्त्व आहे. येथे चौकशी करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जिथे लवकर पोहोचता येईल व शस्त्रक्रियेची सोय असेल तेथे जावे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे की संकटात सापडलेल्या रुग्णाला प्राथमिक व जीव वाचविणारे उपचार देणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे.

दुसरा वर्ग काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत करावयाच्या शस्त्रक्रियांचा. कर्करोग हे त्याचे मुख्य उदाहरण. येथे एक-दोन आठवडे घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाला दाखविता येते, पण "उन्हाळी धान निघाल्यावर बघू" म्हणून चार-सहा महिने घालवू नयेत. स्तनातील गाठ, तोंडातील न भरणारी जखम, पाळी गेल्यानंतर पुन्हा सुरू झालेला रक्तस्राव ही लक्षणे असतील तर धानाच्या हंगामाची वाट पाहू नये.

तिसरा वर्ग सवडीच्या शस्त्रक्रियांचा. मोतीबिंदू, साधा हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, पित्ताशयातील खडे, गर्भाशयातील लहान गाठी, गुडघ्याचा सांधा बदलणे या बहुतेक शस्त्रक्रिया याच वर्गात येतात. या रुग्णांजवळ विचार करायला वेळ असतो. नेमक्या याच वर्गातील रुग्णांना "आजच भरती व्हा, उद्या उशीर होईल" असे कोणी सांगितले, तर उशीर झाल्यास नेमके काय होईल, हे शांतपणे विचारावे. खरा धोका असेल तर डॉक्टर तो दोन वाक्यांत समजावून सांगू शकतात.

दुसरा प्रश्न : ऑपरेशन केले नाही तर काय होईल?

हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखविणे नव्हे. काही उदाहरणे घेऊ.

पोटाची सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी केली आणि पित्ताशयात खडे दिसले. रुग्णाला कसलाही त्रास नाही. अशा मूक खड्यांपैकी बहुतेकांचा पुढेही त्रास होत नाही आणि त्यासाठी सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते. मात्र जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार कळ येत असेल, ताप किंवा कावीळ झाली असेल, तर शस्त्रक्रिया टाळू नये. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना तरुण वयातच असे खडे होतात आणि त्यांच्याबाबतचा निर्णय वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

मूत्रमार्गातील पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप लघवीवाटे पडतो. कंबरेच्या मणक्यातील चकती सरकून पाय दुखत असेल, तर बहुतेक रुग्णांना सहा आठवड्यांत आराम पडू लागतो. पण लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पायातली शक्ती कमी होऊ लागली, तर तीच व्याधी तातडीच्या वर्गात जाते. सुरुवातीची मूळव्याध आहार, पाणी आणि शौचाच्या सवयी बदलून आटोक्यात येते. मोतीबिंदू मात्र "पिकेपर्यंत" थांबण्याची गरज नाही. नजर कमी झाल्याने रोजच्या कामात अडचण येऊ लागली, की शस्त्रक्रिया करावी.

याउलट, हर्निया औषधाने किंवा पट्ट्याने बरा होत नाही. हत्तीरोगाच्या पट्ट्यात आपण राहतो, त्यामुळे अंडकोशात पाणी भरण्याचे रुग्ण येथे पुष्कळ. सुईने पाणी काढले तरी ते पुन्हा भरते. शस्त्रक्रिया हाच त्याचा उपाय आहे आणि ती सरकारी रुग्णालयात होते. लाजेपोटी वर्षानुवर्षे ते ओझे बाळगू नये.

थोडक्यात, प्रत्येक ऑपरेशन अनावश्यक असते असे नाही आणि प्रत्येक ऑपरेशन आवश्यकच असते असेही नाही. आजार तोच, पण लक्षणे कोणती यावर निर्णय ठरतो.

पिशवी काढण्यापूर्वी

आता विशेष करून भगिनींसाठी. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील सुमारे तीन टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले आणि त्यातील दोन-तृतीयांशांहून अधिक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या.

आपल्याच राज्यातील बीड जिल्ह्याचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवावे. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की त्या जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढण्यात आल्या. त्यांत ऊसतोडणीला जाणाऱ्या अनेक स्त्रिया होत्या आणि कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. तोडणीच्या कामात एक दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. पाळीचा त्रास, उसाच्या फडात न्हाणीघर वा शौचालय नाही, अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, आणि त्यावर "पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल" अशी भीती. अशा परिस्थितीत सही करणाऱ्या बाईला दोष देता येत नाही. पुढे चौकशी समिती नेमली गेली. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्येही २०१२ साली असेच प्रकरण उघडकीस आले होते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी स्वीकारावीत, असा आदेश दिला.

आपल्याकडे ऊसतोडणी नाही, पण रोवणी आहे. चिखलात कंबरेतून वाकून दिवसदिवस काम करणाऱ्या बायांची कंबर दुखणारच. त्या दुखण्याचा पिशवीशी संबंध असेलच असे नाही. म्हणून पुढील गोष्टी पक्क्या समजून घ्याव्यात.

अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची शंका असेल तर त्यासाठी साधी तपासणी असते. तिचा अहवाल पाहावा आणि गरज वाटल्यास तुकडा तपासून घ्यावा. "पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून" निरोगी पिशवी काढून टाकणे हा उपाय नव्हे.

पिशवीत दोन-तीन सेंटिमीटरची गाठ दिसली आणि त्रास नाही, तर ती काढण्याचे कारण नाही. पाळी गेल्यावर अशा गाठी बहुधा आक्रसतात. पाळीत रक्त जास्त जात असेल तर आधी औषधे, रक्तवाढीच्या गोळ्या, गर्भाशयात बसवावयाचे हार्मोनयुक्त साधन असे उपाय आहेत. ते करून झाले का, हे विचारावे. कर्करोग, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, मोठ्या त्रासदायक गाठी, अंग बाहेर येणे ही शस्त्रक्रियेची रास्त कारणे आहेत. अशा वेळी घाबरू नये.

आणि एक प्रश्न न विसरता विचारावा : "पिशवीबरोबर अंडाशयही काढणार आहात का? का?" पाळी जाण्याच्या वयापूर्वी दोन्ही अंडाशये काढली तर शरीर एकदम म्हातारपणाकडे झुकते. अंगातून वाफा येतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पस्तिशीच्या बाईला हे न सांगता सही घेणे योग्य नाही.

दुसरे मत कसे घ्यावे?

सवडीच्या प्रत्येक मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. "पहिले डॉक्टर रागावतील" ही भीती अनाठायी आहे. स्वतःच्या निदानाची खात्री असलेला डॉक्टर दुसऱ्या मताला कधीच हरकत घेत नाही.

दुसरे मत घेताना पहिल्याच रुग्णालयाने सुचविलेल्या व्यक्तीकडे किंवा गावातल्या "ओळखीच्या माणसाने" गाडीत बसवून नेलेल्या ठिकाणी जाऊ नये. रुग्ण पाठविल्याबद्दल कमिशन देणे-घेणे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार निषिद्ध आहे, पण ते चालतच नाही असे मी म्हणणार नाही. ज्याला तुम्हाला ऑपरेशनला नेण्याचे पैसे मिळतात, त्याचा सल्ला हा सल्ला नसतो.

दुसऱ्या मतासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय उत्तम. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला मेडिकल आणि मेयो तर आहेतच, शिवाय मिहानमध्ये एम्सही आहे. तेथे रांग लागते, एखादा दिवस जातो, पण थोडक्या खर्चात तज्ज्ञांचे मत मिळते. पुढे ऑपरेशन खासगीत करायचे ठरले तरी हा दिवस वाया जात नाही.

जाताना सर्व कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत. एक्स-रे, स्कॅनच्या नुसत्या चिठ्ठ्या नव्हे, फिल्मही न्याव्यात. कागद पहिल्या रुग्णालयाने ठेवून घेतले असतील तर मागावेत. मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याच्या नोंदी दिल्या पाहिजेत, असा त्याच आचारसंहितेत नियम आहे. दोन मते जुळली तर मन निःशंक होते. जुळली नाहीत तर दोन्ही मते घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे यावे आणि फरक कशात आहे तो समजून घ्यावा.

इमारत पाहू नका, माणसे पाहा

रुग्णालय निवडताना आपल्याकडे काचेची दारे, लिफ्ट आणि वातानुकूलित खोली पाहिली जाते. शस्त्रक्रियेचे यश त्यावर अवलंबून नसते. पुढील गोष्टी पाहाव्यात.

ऑपरेशन स्वतः कोण करणार? त्यांची पदवी कोणती? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आहे का? हेच ऑपरेशन ते नेहमी करतात का? वर्षातून दोनदा करणाऱ्यापेक्षा आठवड्यातून दोनदा करणाऱ्याचा हात सरावलेला असतो.

भूलतज्ज्ञ कोण? ते ऑपरेशनपूर्वी तपासणार आहेत का आणि शेवटपर्यंत हजर राहणार आहेत का? रुग्ण सर्जनचे नाव विचारतो, पण भूल देणाऱ्याचे विचारीत नाही. वास्तविक ऑपरेशन सुरू असताना तुमचा श्वास आणि रक्तदाब त्यांच्याच हाती असतो.

रक्ताची व्यवस्था कोठून? रात्री पात्रताधारक डॉक्टर हजर असतो का? गुंतागुंत झाली तर अतिदक्षता विभाग तेथेच आहे की दुसरीकडे न्यावे लागेल?

आणि सौंदडसारख्या गावातल्या माणसासाठी महत्त्वाचा प्रश्न : घरी आल्यावर पाचव्या दिवशी ताप आला किंवा टाक्यातून पाणी आले तर कोण पाहणार? नागपूर येथून शंभराहून अधिक किलोमीटर आहे. साधे हर्नियाचे किंवा हायड्रोसीलचे ऑपरेशन जवळ चांगल्या हाताने होत असेल तर केवळ नावासाठी दूर जाऊ नये. याउलट कर्करोग, हृदय, मेंदू किंवा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया जेथे नेहमी होते तेथेच करावी, भले ते दूर असो.

डॉक्टरांपासून काही लपवू नका

हे प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना विचारावयाचे. तशाच काही गोष्टी रुग्णाने स्वतःहून सांगावयाच्या असतात. आपल्या भागात पहिली गोष्ट सिकलसेल. स्वतःला किंवा घरात कोणाला हा आजार असेल, तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगावे. तपासणी कधीच झालेली नसेल तर ऑपरेशनपूर्वी करून घ्यावी. शस्त्रक्रियेच्या वेळी प्राणवायू किंवा शरीरातील पाणी कमी पडले, अंग गार पडले, तर सिकलसेलच्या रुग्णाला गंभीर त्रास होऊ शकतो. आधी माहिती असेल तर तशी काळजी घेता येते.

दुसरी गोष्ट खर्रा. खर्रा खाऊन खाऊन ज्याच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत, त्याच्या श्वासनलिकेत भूल देण्याची नळी घालणे अवघड असते. हे ऐनवेळी टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. खर्रा, बिडी, तंबाखू निदान चार आठवडे आधी बंद करावी. जखमही लवकर भरते आणि छातीत कफ साठण्याचा धोकाही कमी होतो.

रक्तदाब, मधुमेह, दमा, मिरगी यांची औषधे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जडीबुटी, पूर्वी एखाद्या औषधाची आलेली रिअॅक्शन, दारूची सवय हे सर्व स्पष्ट सांगावे. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. कोणती बंद करायची व केव्हा, हे विचारून घ्यावे.

खर्चाचा कागद

खर्चाचा अंदाज तोंडी नव्हे, कागदावर मागावा. "पॅकेज" सांगितले असेल तर त्यात काय आहे व काय नाही, हे लिहून घ्यावे. खोलीभाडे, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, औषधे, तपासण्या, रक्त, तुकड्याची तपासणी, दिवस वाढले तर होणारा खर्च, सर्व विचारावे. राज्यातील शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्क संहिता आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ते कोठे लावले आहे, असे विचारायला संकोच करू नये.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ पासून केंद्राने मर्यादा घातली आहे. वेळोवेळी ती बदलते. बिलात या वस्तूचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि किंमत वेगळी दाखविलेली असावी. पाकिटावरचे स्टिकर जपून ठेवावे.

शेत गहाण टाकण्यापूर्वी दोन दारे ठोठवावीत.

पहिले दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ती सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून राज्यातील प्रत्येक कुटुंबाला, शिधापत्रिका पिवळी, केशरी वा पांढरी असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र रुग्णालय योजनेत समाविष्ट असले पाहिजे, आजार यादीत असला पाहिजे आणि भरती होतानाच नोंद झाली पाहिजे. आधी रोख भरून नंतर योजनेत बसवू म्हटले तर जमत नाही. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी वरून पैसे मागितले तर तेथेच तक्रार करावी.

दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्या पाहिजेत, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा आणि रुग्णालयातील समाजसेवकाला भेटावे. न विचारता ही सवलत सहसा कोणी देत नाही.

सही कशावर करता?

सर्वांत शेवटी येते ते संमतीपत्र. अनेक रुग्ण ते न वाचताच, बाहेरच्या बाकावर बसून सही किंवा अंगठा करून देतात. काही ठिकाणी कागद कोराच असतो.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात दिलेला निकाल प्रत्येक रुग्णाला माहीत असावा. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री दुर्बिणीतून केवळ तपासणी करून घेण्यास गेली. ती भुलीखाली असतानाच बाहेर बसलेल्या वृद्ध आईची सही घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशये काढण्यात आली. न्यायालयाने सांगितले की रुग्ण सज्ञान व समर्थ असेल तर संमती त्याचीच हवी. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही. जीव वाचविण्यासाठी तेवढीच गोष्ट करणे अपरिहार्य असेल तर मात्र अपवाद. शस्त्रक्रियेचे स्वरूप, दुसरे उपाय, संभाव्य धोके आणि ती न केल्यास होणारे परिणाम हे रुग्णाला सांगितले पाहिजेत.

म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नये. मराठी कागद मागावा. वाचता येत नसेल तर मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. "आत उघडल्यावर आणखी काही सापडले तर काय कराल?" हे आधीच विचारावे आणि ठरलेले कागदावर लिहून घ्यावे. बायांच्या ऑपरेशनचा निर्णय नवरा, सासू आणि डॉक्टर मिळून घेतात आणि बाई मुकाट्याने बसलेली असते, हे मी नेहमी पाहतो. शरीर तिचे आहे. प्रश्न तिने विचारावेत आणि उत्तरही तिच्याकडे पाहूनच दिले जावे.

सुटी झाल्यावर

घरी निघताना डिस्चार्ज कार्ड घ्यावे. कोणते ऑपरेशन झाले, काय काढले, भूल कोणती दिली, औषधे किती दिवस घ्यायची आणि पुन्हा केव्हा यायचे, हे त्यावर असावे. तपशीलवार बिल व पावत्या घ्याव्यात. शरीरातून काढलेला भाग, मग तो गर्भाशय असो, पित्ताशय असो वा गाठ, तपासणीला पाठविला का हे विचारावे आणि त्याचा अहवाल आठ-दहा दिवसांनी जाऊन आणावा. कित्येक रुग्ण तो आणायला जातच नाहीत. त्यात कर्करोग निघाला तर पुढचा उपचार त्यावरच ठरतो.

ताप, टाक्यांतून पू किंवा रक्त, पोट फुगून उलट्या, पोटरी सुजून दुखणे, दम लागणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता दाखवावे.

पुढील सात प्रश्न कापून डिस्चार्ज-फाइलमध्ये किंवा घरातील कॅलेंडरच्या मागे चिकटवून ठेवावेत :

१) मला नेमका आजार कोणता आणि तो कोणत्या तपासणीवरून ठरला?
२) ऑपरेशन आज न केल्यास काय होईल? किती दिवस थांबता येईल?
३) औषधाचा किंवा दुसरा कोणता उपाय आहे का? तो करून पाहिला का?
४) ऑपरेशन कोण करणार, भूल कोण देणार, रात्री कोण पाहणार?
५) शरीरातले काय काढणार, काय ठेवणार आणि धोके कोणते?
६) एकूण खर्च किती, लेखी मिळेल का? योजनेत बसते का?
७) घरी गेल्यावर त्रास झाला तर कोणाकडे यायचे?

या सात प्रश्नांची उत्तरे द्यायला चांगल्या डॉक्टरला दहा मिनिटे पुरतात. ज्यांच्याकडे तेवढीही सवड नाही आणि तुमच्या जवळ वेळ आहे, तेथे सही न करता कागद गोळा करावेत, नमस्कार करावा आणि दुसऱ्या तज्ज्ञाकडे जावे. धानाचे चुकारे आले म्हणून ऑपरेशन करायचे नसते. आजाराला गरज आहे म्हणून करायचे असते, आणि गरज असेल तर चुकारे येण्याची वाटही पाहायची नसते.